आजी बदलायची वेळ

१२ सप्टेंबर

सुनेच्या चहात मीठ पडलं. एक घोट घेतला आणि म्हणाली, "असू दे आई, मी ऑफिसात पिईन." एवढं सोज्वळ बोलण्यापेक्षा ओरडली असती तर बरं!

मला अक्षर येत नाही, मी डबा जागेवरून ओळखते. विहीणबाई सहा महिने राहून परवाच गेल्या आणि जाताना सगळे डबे हलवून, वर चिठ्ठ्या चिकटवून गेल्या. मास्तरीण ना! त्या चहानंतर मी सगळे होते तिथे आणून ठेवले. मार्चात त्या येतील, मी जाईन, परत हलवतील. नातीला सांभाळायला आम्ही दोघी आज्या अशा — एक उतरली की दुसरी चढते.

१३ सप्टेंबर

मी आले त्याच दिवशी मुलाने फोनमध्ये काहीतरी करून दिलंय. बोललं की अक्षरं होतात, तारीख आपली आपण पडते. "बाबांना निरोप पाठवत जा." यांना मोतीबिंदूतून वाचता कुठे येतंय! म्हणून स्वतःशीच बोलते. काय उमटतं ते मलाही वाचता येत नाही. गुपित माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित.

४ ऑक्टोबर

खाली धक्का. बोटींचे भोंगे, गाणी, हातात ग्लास घेतलेली माणसं. बसत नाहीत, उभ्यानेच हसतात. आम्ही चौथ्या मजल्यावर, काचेमागे. मुलगा म्हणाला, "आई, इथे घर मिळावं म्हणून लोक तडफडतात." म्हटलं, "मी मिळूनही तडफडतेय."

त्याला विनोद वाटला.

१९ नोव्हेंबर

यांचा फोन. म्हणे दाराच्या चौकटीला कपाळ आपटलं.

"अहो, डोळा करून घ्या ना!"

"तू आल्यावर. पट्टी काढल्यावर समोर तो टकल्या डॉक्टर नको मला."

जन्मात गोड बोलले नाहीत. आता बोलतात, तेही समुद्रापलीकडून!

८ जानेवारी

खालच्या फुलवालीच्या बादलीला माझा पाय लागला. ती तिच्या भाषेत भांडली, मी माझ्या. इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणाशी पोटभर बोलले.

२० फेब्रुवारी

नात म्हणाली, "आता दुसरी आजी येणार. मग तू संपलीस?"

१ मार्च

विहीणबाईंचा गुडघा दुखतोय म्हणे. मुलगा मोबाईलमध्ये डोकं घालून म्हणाला, "आई, तुझं जाणं थोडं पुढे ढकलूया."

"आणि तुझे बाबा?"

"ते मॅनेज करतील गं."

करतील! परवा दुधाऐवजी ताकात चहा केला त्यांनी. यांना इथे आणा म्हटलं, तर सून म्हणते, "बाबा इथे करणार काय, आई?" खरंय. माझं निदान लाटण्यासारखं आहे, काही उपयोग तरी होतो.

आणि या बाईचा गुडघा बरा नेमका आत्ताच दुखतो! लग्नात जिना चढून तीनदा रुसायला गेली होती.

९ मार्च

विहीणबाईंचा फोन. सरळ मला! मी तोंडात शिव्या जुळवून ठेवलेल्या.

"विहीणबाई, खरं सांगू? गुडघा ठणठणीत आहे." आणि रडायलाच लागल्या. "मागच्या वेळी त्या खिडकीशी बसून बसून मला वेड लागायची पाळी आली हो. लेकीला कसं सांगू?"

शिव्या गिळल्या. मग यांच्या डोळ्याचं सांगितलं.

शेवटी मीच म्हटलं, "तुम्ही येऊ नका. मी जाते. पोरीला पाळणाघरात घालू दे. इथली सगळी पोरं तिथेच वाढतात, शिंगं फुटलेलं एकही पाहिलं नाही मी."

हसल्या! या बाईला हसता येतं हे मला आज कळलं.

ठरलं. त्या लेकीला सांगणार, मी लेकाला.

१० मार्च

सांगितलं. मुलाचा चेहरा पडला, पण तिकीट काढलं. पंचवीस तारखेचं. यांना कळवलं, तर म्हणाले, "मग सत्तावीसला डोळा." पुढे खोकत बसले. रडले की मुद्दाम खोकतात.

२१ मार्च

बॅग भरली. सून दारात उभी राहून बघत होती, पांढरीफटक.

"आई, मला दिवस गेलेत."

मी "अगं बाई!" म्हणाले. कुशीत घेतलं, पाठीवरून हात फिरवला. आनंद झाला. झालाच.

मुलगा अजून "राहा" म्हणालेला नाही. बॅगेतल्या साड्या मीच काढून कपाटात ठेवल्या.