डावीकडचा तुकडा

१६ जानेवारी, गुरुवार

हो म्हणाल्या! बाराच्या बारा फोटो लावणार! गावच्या लायब्ररीतली अख्खी पुढची भिंत माझी, आठ फेब्रुवारीपासून महिनाभर. ओर्तेगाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला, एकेक फोटो नाकाला लावून बघितला, आणि म्हणाल्या, "मार्वा, तू खरंच शाळेची बस चालवायचीस?" म्हटलं, एकतीस वर्षं, नेब्रास्कात, बर्फात. त्या म्हणाल्या, "मग इतकी वर्षं हे डोळे कुठे ठेवले होतेस?" आरशात, म्हटलं. मागच्या सीटवरची पोरं एकमेकांचे कान उपटतात, ते बघायला.

मधोमध पहिला फोटो लावायचा. वाळूच्या टेकड्या, मागून नुकता वर येणारा सूर्य. भित्तिपत्रकावरही तोच. तीन वर्षांपूर्वीचा आहे — ही घरगाडी घेऊन बाहेर पडले त्याला जेमतेम आठवडा झाला होता. त्याच सकाळी पिकल मिळाला. ट्रायपॉड आवरला, मागे वळले, तर सरकारी सिमेंटच्या टेबलाच्या पायाला कुत्रा बांधलेला. शेजारी पाण्याचं भांडं, खाण्याची पिशवी, घडी घातलेली चादर. जवळ माणूस कोणी नाही! भर वाळवंटात उभी राहून त्या नालायक माणसांना मी ओरडून जे काही बोलले, ते या वहीत लिहिणार नाही. दुपारपर्यंत थांबले. कोणी आलं नाही. मग दोरी सोडली आणि त्याला गाडीत घेतलं.

आज त्याला अख्खं सॉसेज दिलं. त्याचाही वाटा आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

धाकटीचा फोन. "ताई, एकसष्ट पूर्ण झाली तुला, आता तरी घरी ये." म्हटलं, घरातूनच बोलतेय. चाकं आहेत त्याला, एवढंच.

२० जानेवारी, सोमवार

काय सकाळ होती! रात्री दोन थेंब पडून गेले होते, जमीन काळपट, हवा धुतल्यासारखी, आणि कोफाच्या डोंगरांवर आधी जांभळा, मग गुलाबी, मग एकदम तांब्यासारखा रंग. साठ फोटो काढले, दोन तरी नक्की चांगले आहेत.

पिकल पूर्ण वेळ ट्रायपॉडच्या सावलीत बसून होता. डावा कान नेहमीसारखा मुडपलेला, उजवा ताठ. सशामागे धावला नाही. एकदाच उठला, तेही माझ्या पावाकडे बघत.

परत येताना तळावर बघितलं तर हिवाळ्याला आलेली सगळी मंडळी आपापल्या दारात खुर्च्या टाकून बसलेली. शंभरेक गाड्या, आणि प्रत्येक खुर्चीचं तोंड सूर्याकडे. हात वर करायचा, पुढे जायचं. ज्याचं दार बंद त्याच्याकडे जायचं नाही, काही विचारायचं नाही, आडनाव तर नाहीच नाही. म्हणूनच मी इथे टिकले. नेब्रास्कात शेजारीण माझ्या कचऱ्यात काय आहे ते मला सांगायची.

प्रत्येक गाडीच्या नाकावर लाकडी पाटी. नवरा, बायको आणि कुत्रा, असा क्रम. माझ्या गाडीला नाही. एकटं नाव लावलं की थडग्यावरच्या पाटीसारखं दिसेल असं वाटायचं. पण आता माझं प्रदर्शन आहे! आता पाटी हवीच. मार्वा आणि पिकल. एल्डनकडे टाकते करायला.

२३ जानेवारी, गुरुवार

नीट क्रमाने लिहिते.

एल्डन म्हणजे बाजारात पाट्या कोरणारा म्हातारा. दाढीत भुसा, तोंडात अखंड बडबड. कुत्र्याची आकृती तो फोटोवरून करत नाही. कुत्रा समोर बसवतो, कागद धरतो, कडा गिरवतो. मी पिकलला फळीवर बसवलं. एल्डनने कान गिरवला, थांबला, पुन्हा बघितलं.

"हा कान मी कोरलाय आधी," म्हणाला.

म्हटलं, मुडपलेले कान काय कमी आहेत का जगात.

"कान असतील. पण कान मुडपलेला, शेपूट अर्धी आणि हनुवटीखाली पांढरा टिळा? थांब." खाली वाकला, बुटांचं खोकं काढलं. सगळ्या जुन्या पाट्यांचे कागद त्यात. माझ्या मनात आलं, सापडू नये. सापडला. तोच कान. तीच शेपूट. खाली अक्षरं — वॉल्ट, आयोना आणि ओटिस.

"ओटिस?" एल्डन सहज म्हणाला, नुसतं वाचल्यासारखं.

पिकल उभा राहिला. दोन्ही कान वर! डावा कान वर होतो हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं.

एल्डनचा आवाज खाली आला. "वॉल्ट गेला. आयोना यूमाला असते, म्हाताऱ्यांच्या वस्तीत. नाताळात कार्ड येतं तिचं. कळवू का तिला?"

"नको," मी म्हणाले. "पाटी पण नको. काही कोरू नकोस." आणि पिकलला अक्षरशः उचलून गाडीत आणलं. पंचवीस किलोचा कुत्रा!

२४ जानेवारी, शुक्रवार

तळ हलवला. साठ मैल वर, कोरड्या तळ्याच्या काठाला. कोणाला सांगितलं नाही. सरकारी जमिनीवर चौदा दिवसांनी हलायचा नियम आहेच, मी जरा आधी हलले. एवढंच.

कुत्रा माझा आहे. टेबलाला बांधून जाणाऱ्यांचा हक्क तिथेच संपला.

२५ जानेवारी, शनिवार

ओटिस म्हणून हळूच हाक मारून बघितली. आला. मारायला नको होती.

२८ जानेवारी, मंगळवार

आज जे मिळालं ते जन्मात मिळत नाही! तळ्याच्या पलीकडून धुळीची भिंत उठली, दोन माणसांएवढी उंच, मग दहा, मग डोंगरच. अलीकडे पांढरी भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर स्वच्छ ऊन. मी पळत सुटले, एका हातात ट्रायपॉड, एका हातात टोपी, पिकल भुंकत पुढे! नऊ फोटो मिळाले आणि मग आम्ही दोघं गाडीत घुसलो, खिडक्या लावल्या, आणि मी मोठमोठ्याने हसत होते. दातांत वाळू. पिकलने माझं अख्खं तोंड चाटलं.

धूळ खाली बसल्यावर पडद्यावर फोटो बघितले. चौथा फोटो बघून रडायला आलं, इतका चांगला आहे.

आणि मग सुचू नये ते सुचलं. त्या बाईला तिचा कुत्रा जिवंत आहे हे तरी माहीत आहे का?

असेना. तिने विचार करायचा होता.

३० जानेवारी, गुरुवार

आज पिकल तीन वेळा दाराशी जाऊन बसला. बाहेर सोडला की बाहेर जात नाही, आत घेतला की पुन्हा दाराशी. नसेल काही. पण मला बघवेना.

एल्डनला फोन केला. म्हणाला, "मला वाटलं मेक्सिकोत गेलीस पळून." म्हटलं, पत्ता दे. म्हणाला, "मार्वा, तिने मागितला तर?" मी म्हणाले, देणार नाही. मग मीच म्हणाले, बघू.

शनिवारी जाते. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून प्रदर्शनाचं भित्तिपत्रक गुंडाळून ठेवलंय. आणि पिकलची चादर. ती तिचीच होती.

१ फेब्रुवारी, शनिवार

यूमा. बोळासारखी वस्ती, एकसारखी पत्र्याची घरं, फाटकावर "कुत्र्यांना बंदी". पिकलला त्याच पाटीखालून आत नेलं. कोणी अडवलं तर अडवलं.

आयोनाबाई चौऱ्याऐंशीच्या. नाकात प्राणवायूची नळी, डोक्यावर लाल टोपी, एवढीशी बाई. मी मनात भाषण तयार करून नेलं होतं. दार उघडलं आणि पिकल माझ्या हातून दोरी हिसकून गेला. तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि तसाच राहिला. आवाज नाही, उड्या नाहीत. ती त्याचा मुडपलेला कान बोटांनी सरळ करत होती, तो पुन्हा मुडपत होता, ती पुन्हा सरळ करत होती.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "जाड केलंस त्याला. बटाटे देतेस?"

मी म्हणाले, सॉसेज.

"वॉल्ट पण द्यायचा. गाढव होता." मग माझ्याकडे नीट बघितलं. "बस पोरी. घाबरू नकोस. मी मागत नाहीये त्याला. मला इथे मांजर सुद्धा ठेवू देत नाहीत."

मला हायसं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मी भांडायला उठते. माझी जुनी खोड. म्हणाले, "मग टेबलाला बांधून का सोडून गेलात? एखादा माणूस असं करतो का? त्याला कोल्ह्यांनी खाल्लं असतं म्हणजे?"

तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "वॉल्ट गेला होता. माझी छाती उघडायची होती, डॉक्टर म्हणाले उठशील की नाही सांगता येत नाही. मुलगा म्हणाला, कुत्र्याला कोण बघणार, सुई देऊन कायमचा झोपवून टाकू. त्या मुलाचं नाव मी ओटिससमोर घेत नाही अजून." दम लागला, थांबली. "म्हणून बांधलं. बांधलं हे खरं. सोडून गेले नाही."

म्हातारं माणूस, मनाची समजूत काढायला काहीतरी धरून बसतं, असं वाटलं.

विषय बदलावा म्हणून भित्तिपत्रक उलगडलं. म्हटलं, हे बघा, ज्या सकाळी तो मला मिळाला त्याच सकाळचा फोटो. तिने तो मांडीवर घेतला, पिकलच्या डोक्यावरच. टेकड्यांवरून बोट फिरवत डावीकडे आली आणि कागदाच्या कडेशी थांबली.

"पुढचं कुठाय?"

"पुढे काही नव्हतं," मी म्हणाले. "कोणाची तरी गाडी मध्ये आली होती. वाळवंट बिघडत होतं, म्हणून कापलं."

ती हसायला लागली. इतकी हसली की खोकला आला, नळी निघाली, मी घाबरले. शेजारची नर्सबाई धावत आली, नळी लावली, मला म्हणाली आता पुरे, त्यांना झोपू द्या. आयोनाबाईने माझं मनगट धरलं होतं. म्हणाली, "तू तिसरी होतीस." आणि मग, "गुरुवारी आण त्याला. जमलं तर."

पिकल माझ्याबरोबर निघाला. फाटकापाशी थांबून एकदा मागे बघितलं, मग गाडीत चढून आपल्या जागेवर बसला. माझाच आहे तो. सुटले एकदाची. तरी अख्ख्या रस्त्यात आनंद काही होईना.

तिसरी म्हणजे काय?

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी उठल्या उठल्या जुनी डिस्क काढली. मूळ फोटो उघडला, न कापलेला. लांब पल्ल्याची लेन्स होती. डावीकडे ती पांढरी गाडी, उन्हाविरुद्ध म्हणून नुसती काळी पडलेली. सावल्या उजळत नेल्या. गाडीच्या नाकावर लाकडी पाटी, पाटीवर कुत्रा, एक कान मुडपलेला. दारात खुर्ची. खुर्चीत लाल टोपी, एवढीशी बाई. उगवत्या सूर्याकडे पाठ, आणि तोंड सरळ माझ्याकडे. माझ्या मागच्या टेबलाकडे.

म्हणजे कोण नेतं ते बघत बसली होती. आधीच्या दोघांना दिला नाही. मी तिथे उभी राहून तिला शिव्या दिल्या, त्या सगळ्या ऐकल्या, आणि मला दिला. आणि मी, दार बंद असेल तर ठोठावायचं नाही म्हणणारी, उघड्या दाराकडेही गेले नाही.

ओर्तेगाबाईंना फोन केला. मधला फोटो लावू नका म्हटलं. त्याचाच न कापलेला, मोठा पाठवतेय. भिंतीवर डावीकडे जागा ठेवा.