दोरी, टॉवेल आणि मी

ती. आत्यास साष्टांग नमस्कार (पाठीत उसण भरलीय, म्हणून मनातूनच, कारण पुढे येईल). तुझे गुडघे काय म्हणतात? आतोबांचा खोकला गेला, की त्यांनी तो कायमचा ठेवून घेतला?

इकडची हकिगत अशी, की मी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आले. घाबरू नकोस, डोकं जागेवर आहे. पण आरसा दिसला की मान फिरवायची, फोटोत सगळ्यांच्या मागे लपायचं, आणि तू हौसेनं शिकवलेलं पोहणंसुद्धा बंद, असं माझं चाललं होतं. पहिल्याच भेटीत वजन करतील म्हणून मी उपाशीपोटी, हातातलं घड्याळही काढून गेले. तर खोलीत वजनकाटाच नाही! तासभर माझ्यापेक्षा माझं पोटच जास्त बोललं.

बाईंनी हातात दोरी दिली आणि म्हणाल्या, नुसत्या अंदाजानं तुमच्या कमरेएवढं कडं जमिनीवर करा. मी केलं. मग तीच दोरी त्यांनी माझ्या कमरेला लावली. उरलेल्या दोरीत बाई सहज मावल्या असत्या (आणि त्याही काही काटकुळ्या नाहीत). मला वाटलं, आता म्हणतील, तुम्ही सुंदर आहात (फी त्यासाठीच तर भरली होती). छे! त्या म्हणाल्या, "शरीर वेगळं आणि मनातलं त्याचं चित्र वेगळं. त्या चित्रात लोकांचे शेरेही मिसळलेले असतात. त्याच्यापायी तुम्ही काय काय सोडलंत, ते सांगा." पोहणं म्हणताना मला रडूच फुटलं.

गृहपाठ मिळाला: तलावाच्या काठावर पाय बुडवून बसायचं, बस्स. मी भलामोठा टॉवेल गुंडाळून बसले. तो घसरून पाण्यात पडला आणि त्याला वाचवायला मी धाडकन उडी मारली (उसण तिथलीच, टॉवेल बुडाला तो बुडालाच). वर आले तर कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. जरा रागच आला. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत गेले. आत्या, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आरशाशी अजून गट्टी नाही, पण बोलणं सुरू झालंय. रविवारी तुझ्याकडे येतेय.

तुझी,
ढब्बू (हे नाव राहू दे, ते लाडाचं आहे)

ता.क. दार उघडल्याबरोबर तू "अगंबाई, केवढी सुटलीस!" म्हणतेस. या खेपेला तेवढं गिळ. प्रवासाचं विचार, हवेचं विचार, हवं तर उशीर केला म्हणून रागव.

आणखी एक ता.क. "आता या अंगाला शोभत नाही" म्हणून तू माझ्याआधीच पोहणं सोडलंस, ते मी विसरलेले नाही. तुझ्यासाठी पोहण्याचा पोशाख घ्यायचाय. माप कळवू नकोस. तू कळवलेल्या मापावर माझा विश्वास नाही. येताना दोरी आणतेय.