दादाचा नकार

३ नोव्हेंबर

कॉन्व्हेंटच्या संगीताच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होता. आत मी सिस्टरसमोर पियानोवर सूर घोटत असायची आणि मला घरी न्यायला आलेला दादा त्या बाकावर बसून शिट्टी वाजवायचा. माझ्या प्रत्येक स्वराला नेमका न जुळणारा स्वर! सिस्टर पट्टी आपटायच्या. मी ओठ दाबून हसू आवरायची. आम्हा दोघांचं जॅझ तिथंच सुरू झालं असं मला वाटतं.

उद्या रेकॉर्डिंग. अकरा वर्षांनी! दादा सॅक्सोफोनवर, मी पियानोवर, ड्रमवर आमचा खुळखुळा – चाळीस वर्षांपासूनचा मित्र, खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. आधी काही ठरवायचं नाही, लिहून आणायचं नाही. एकमेकांना ऐकत सुचेल ते वाजवायचं. दादाच्या फुप्फुसांना हे फार तर उन्हाळ्यापर्यंत झेपेल, असं छातीचे डॉक्टर म्हणाले. "मग तोवर तरी गप्प बसवू नका," असं दादानं त्यांनाच सुनावलं. म्हणजे हे रेकॉर्डिंग बहुधा शेवटचं.

४ नोव्हेंबर

एकेचाळीस मिनिटं, एका बैठकीत! सव्विसाव्या मिनिटाला दादा थांबला. वाद्य ओठांना, डोळे मिटलेले, स्वर नाही. दम साठवतोय असं समजून मी खालच्या पट्ट्यांवर जड जड घाव घालत ती जागा भरून काढली. चार मिनिटं. मग तो परत आला. या वयात इतकं धीट गप्प राहणं सुचावं त्याला!

निघताना खुळखुळा काहीच बोलला नाही. एरवी त्याच्या तोंडाला कुलूप नसतं. दमला असेल.

५ नोव्हेंबर

बोटं सुजलीत. मजेत आहे.

७ नोव्हेंबर

आमचा नियम जुना आहे, आणि तो मीच घातलेला. रेकॉर्डिंग तिघांनी एकदाच ऐकायचं, न बोलता. मग पसंत असेल त्यानं हात वर करायचा. एकाचाही हात खाली राहिला तर सगळं पुसायचं. कारण विचारायचं नाही.

दादाच्या घरी बसून ऐकलं. माझा हात पहिला वर. खुळखुळ्याचा अर्धाच. दादाचे दोन्ही मांडीवर.

"दादा, वेड लागलंय का तुला?"

"विचारायचं नाही, बेबी."

"धाप ऐकू येते म्हणून ना? केवढा तो तोरा!"

"हो. तोरा समज."

वहिनी चहा घेऊन आली. "साठी उलटली दोघांची, आणि भांडता खेळणं हिसकावल्यासारखं!"

रेकॉर्डिस्ट बाई पुढच्या शुक्रवारी पुसणार.

८ नोव्हेंबर

दादाला फोन केला नाही. त्याचाही आला नाही. त्याच्यानंतर मी काय ऐकायचं, याचा विचार केलाय का त्यानं?

१० नोव्हेंबर

न राहवून स्टुडिओत गेले.

"मावशी, मला नियम मोडायला लावू नका," रेकॉर्डिस्ट बाई म्हणाली.

"सगळं नको. सव्विसाव्या मिनिटाची ती शांतता तेवढी दे."

"कुठली शांतता?"

तिनं मला हेडफोन दिला. पियानो बंद केला, ड्रम बंद केले, एकट्या दादाचा माइक ठेवला. पडद्यावर त्याच्या आवाजाची रेघ थरथरत होती. चार मिनिटं, अखंड.

"केवढं नाजूक वाजवलंय! अगदी वरचं, शिट्टीसारखं."

मला नुसती खोली ऐकू येत होती. आवाज वाढव म्हटलं. तिनं वाढवला. आणखी वाढव म्हटलं.

"आणखी वाढवला तर माझे कान जातील, माव–" आणि तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.

तो थांबलाच नव्हता. मी त्याच्या अंगावरून रणगाड्यासारखी गेले! आणि ते चारचौघांना कळू नये म्हणून तो आपलं शेवटचं वाजवणं पुसायला निघालाय. मी तोरा म्हणाले त्याला.

१२ नोव्हेंबर

कानाचे डॉक्टर भले आहेत. वरचे स्वर गेलेत, हळूहळू गेले म्हणून कळलं नाही. यंत्रानं बोलणं नीट ऐकू येईल. "संगीताचं मात्र सांगवत नाही."

तिथून थेट दादाकडे.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू वाजवणं सोडलं असतंस."

"सोडलं असतं. मग?"

"मग मी कुणाबरोबर वाजवायचं?"

मग त्याला म्हटलं, "कर हात वर. माझी चूक ऐकू दे लोकांना." त्यानं मान हलवली. नाही म्हणजे नाही.

१४ नोव्हेंबर

रेकॉर्डिंग पुसलं. बटण दाबायला मीच सांगितलं.

नवं रेकॉर्डिंग पुढच्या रविवारी. दादाला सांगून झालंय, रडूनही झालंय.

पियानोवरची माझी जागा माझ्या विद्यार्थिनीला, दातांच्या डॉक्टरणीला. अजून घाबरते, पण दादानं श्वास आत घेतलेलाही तिला ऐकू येतो. आवडलं की नाही सांगायचा माझा हातही तिलाच. पहिली प्रत वहिनीला, दुसरी खुळखुळ्याला.

मला एक खुर्ची. दादाची बोटं दिसतील अशी ठेवा.