लाल दिव्याची वायर

नुआदिबू,
शनिवार, २० जून १९९८

प्रिय देद्दादादा,

तुला, आईला, वहिनीला आणि पोरांना बूनाचा सलाम. तुम्ही सगळे बरे असाल, शेळ्या बऱ्या असतील, विहिरीला पाणी असेल. मी बरा आहे. इथे समुद्राचा वारा आहे म्हणून उन्हाळा कळत नाही, पण कपड्यांना, उशीला, सगळ्याला मासळीचा वास. गॅरेजचे उस्ताद सांबा तोंडाचे कडक आहेत, पण स्वतःच्या परातीत बरोबर जेवायला बसवतात.

आपला सिदाती आज दुपारच्या गाडीने खनिजाच्या रिकाम्या डब्यात बसून शूम स्टेशनला उतरतोय. तिथून जो कोणी वस्तीकडे निघेल त्याच्या हाती पत्र देईल. घाईत लिहितोय, अक्षराला हसू नको.

आपल्या पिकअपचा आवाज कसा आहे? सकाळचा नाही विचारत. गार इंजिन गप्पच असतं. दोन तास वाळूत चालवल्यावर काच खाली करून कधी ऐकलंस का? वरून टिकटिक येते, की खालून ठोके येतात, कोणी मुठीने दार वाजवावं तसे? वरची टिकटिक असेल तर फार काळजी नाही.

काल इथे एका मासळीवाल्याची जुनी पिकअप आली. आपल्यासारखीच. तो म्हणाला, "वरचं काहीतरी सैल झालंय, आवळून द्या." उस्तादांनी लोखंडी सळईचं एक टोक कानाला लावलं, दुसरं आधी इंजिनच्या झाकणाला आणि मग खाली तेलाच्या चेंबरला. सळई माझ्या हातात देऊन म्हणाले, "ऐक. की कान गावी ठेवून आलास?"

मी ऐकलं. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, दादा.

चेंबर उघडलं तर तेलात धातूच्या चुऱ्याची नुसती चमचम. क्रँकचं बेअरिंग झिजून आतलं तांबं दिसत होतं. उस्ताद त्याला म्हणाले, "तेलाचा लाल दिवा लागला तेव्हा झोपला होतास का?"

"अल्लाची शपथ, दिवा एकदाही लागला नाही."

उस्तादांनी डॅशबोर्डच्या मागे हात घातला आणि एक वायर बाहेर ओढली. तेलाच्या दिव्याची वायर कोणीतरी बॅटरी चार्जिंगच्या दिव्याला जोडून ठेवली होती. चावी फिरवली की दोन्ही दिवे लागतात, इंजिन चालू झालं की दोन्ही विझतात. तेलाला दाब असो की नसो.

"हे ज्याने केलं," उस्ताद म्हणाले, "त्याला याच गाडीत बसवून वाळवंटात सोडा. आणि प्यायला हे तेल द्या." सगळे हसले. मीही हसलो.

आपल्या गाडीला ते मी केलंय.

मी निघायच्या आधी दिवा लुकलुकायला लागला होता. तू म्हणालास, बूना, उघडून बघ, तुला कळतं. मी उघडलंच नाही. उघडलं असतं तर नुआकशॉटहून बेअरिंग येईपर्यंत महिना गेला असता आणि इथल्या जागेवर दुसरा कोणी लागला असता. मला वस्तीत अजून एक महिना काढायचा नव्हता, दादा. एक दिवससुद्धा नको होता. इंजिनात मी गिअरबॉक्सचं घट्ट तेल ओतलं, आवाज दबला. वायर जोडली, दिवा विझला. तू अख्ख्या वस्तीला चहाला बोलावलंस. "शाळेत डोकं चाललं नाही, पण हात शिकलेत पोराचे," म्हणालास. चहाचा रिवाजाचा तिसरा पेला मी तसाच खाली ठेवला, आणि तुम्हाला वाटलं मला घर सोडवत नाहीये.

आता नवा चंद्र दिसला की तुम्ही खजुराच्या बागांकडे निघणार. पहाटे इंजिन गार, तेल घट्ट, काही ऐकू येणार नाही. शेवटची विहीर मागे पडेल. मग ऊन चढेल, वाळूत पहिल्या गिअरवर इंजिन तापेल, तेल पाण्यासारखं पातळ होईल, दाब जाईल. दिवा लागणार नाही. गाडी जिथे बसेल तिथून विहीर दोन दिवसांच्या चालीवर आहे, आणि आईचे गुडघे तुला माहीत आहेत. धाकटीला तर अजून चालताही येत नाही.

माझं ऐकू नको, स्वतः बघ. तेलाच्या गाळणीजवळ इंजिनला एक बोटाएवढं बटण आहे, त्याला एकच वायर. चावी लाव, पण इंजिन चालू करू नको. ती वायर उपट. दिवा विझायला पाहिजे. तुझा विझणार नाही. तेवढं बघितलंस की चावी काढून घे.

आणि एलीमामाकडे उंट माग. तू गाडी आणलीस तेव्हा तो म्हणाला होता, "उंट पाणी पितो, ही गाडी माणसं पिणार," तेव्हापासून तुम्ही दोघं बोलत नाही. तरी जा. त्याच्या तंबूपुढे उभा राहून माझं नाव घे, बूनाने मला फसवलं म्हण. हसू दे त्याला.

मी आत्ताच सिदातीबरोबर चढलो असतो. पण बेअरिंगशिवाय आलो तर नुसतं तोंड घेऊन येईन. पत्र दिलं की उस्तादांकडे जाऊन सांगणार आहे, की तुम्ही ज्याला वाळवंटात सोडा म्हणालात तसलाच मीही आहे. नाही हाकललं तर बेअरिंग मागून घेऊन येतो. हाकललं तर उद्याच्या गाडीने तसाच येतो.

अजून एक. माझी पत्रं तू आईला वाचून दाखवतोस आणि वाईट असेल ते गाळतोस. मला माहीत आहे, वडील गेल्याचं पत्रही तू तिला तसंच वाचलं होतंस. हे गाळू नको. एक ओळसुद्धा नको. नाहीतर तू कितीही अडवलंस तरी ती म्हणेल, बूनाने दुरुस्त केलीये ना, मग चला, बसा.

ती बसायच्या आत हे तुझ्या हाती पडो.

बूना