ऑक्सिजनच्या पेटीबाहेर

माय, काल मी नांदेडच्या त्या काचेच्या पेटीत झोपून आले. तीच, जिच्यात तुला ऑक्सिजन द्यायचा म्हणून आपण दोघी बघून आलो होतो. तुझी साखर माझ्याकडं आली आणि तुझ्यासारखीच जखमही, डाव्या घोट्याच्या वर, महिनोन्‌महिने ओली. पेटीचं झाकण लागलं की आतल्या हवेचा दाब वाढतो, कानाला दडे बसतात, सारखा आवंढा गिळत राहायचं. अंगावर फक्त सुती कपडे. केसाला तेल नको, हातात बांगडी नको, मंगळसूत्र नको. आणि आपल्या लिंगायतांचं गळ्यातलं इष्टलिंगही नको.

इथंच तुझं अडलं होतं. लहानपणी दीक्षेत मिळालेलं ते लिंग तू आंघोळीलाही अंगावेगळं केलं नव्हतंस. सकाळी डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचीस, तेवढंच काय ते गळ्यातल्या चांदीच्या डबीतून, चौकीतून, बाहेर. डॉक्टरांनी जखमेवरचे दोन्ही उपाय, पेटीतला ऑक्सिजन आणि पायाला द्यायचा ओझोन वायू, नीट समजावले होते. ऑक्सिजनचा अभ्यास जास्त झालाय, तरी खात्री नाही. ओझोनबद्दल तर त्याहून कमी माहिती आहे. आणि काहीही घेतलं तरी पट्टी आणि साखर सांभाळावीच लागेल. ऑक्सिजनसाठी रोज नांदेड गाठायचं. ओझोन इथं परभणीतच, माझ्या शाळेच्या रस्त्यावर. तू ताडकळसचं दुकान माझ्या भावाच्या हवाली करून माझ्याकडं राहायला आली होतीस. नांदेडहून परत येताना रेल्वेत म्हणालीस, "मठातल्या स्वामींना इचार. ते हो म्हणले तर काढून ठेवीन मी. लय वास यायलाय पायाला, तुझ्या घरात बसू वाटंना."

मी विचारलंच नाही. मठ काय लांब होता? गावाबाहेर रिक्षानं जाऊन यायचं. पण मी नुकतीच मुख्याध्यापिका झाले होते, खुर्ची अजून नीट गरमही झाली नव्हती. रोज रजा टाकली तर मागं शिक्षक काय बोलतील, साहेब काय म्हणतील, हीच मला धास्ती. दोनेक दिवसांनी ओट्याशी भाजी निवडता निवडता तुला सांगितलं, स्वामी नको म्हणाले. तू हातातली मेथी तशीच धरून माझ्याकडं बघितलंस आणि बरं म्हणालीस. मला इतकं हलकं वाटलं की मी तुला आलं घालून चहा करून दिला. आता तो चहा आठवला की माझी मलाच किळस येते.

मग ओझोन. पायाला मांडीपर्यंत प्लास्टिकची पिशवी, वरून आवळलेला पट्टा, आत सोडलेला गॅस. झेरॉक्सच्या दुकानात येतो तसला वास सुटायचा आणि तू पदर नाकाला लावून बसायचीस. बाजारात जुडी बांधतेत तसं बांधलंय मला, म्हणून तिथल्या पोरींना हसवायचीस. सुरुवातीला जखम आकसली. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले, आईला गुण आला म्हणून. पुढं ती चिघळली, बोटं काळी पडली आणि पाय गुडघ्याखालून गेला. ओझोननं बिघडलं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ऑक्सिजननं पाय वाचलाच असता असंही म्हणाले नाहीत. त्यांच्या या बोलण्याच्या आडोशाला मी इतकी वर्षं काढली. तू मात्र एका पायावर ताडकळसच्या गल्ल्यावर पुन्हा बसलीस, आणि गेलीस तेव्हा तुझं लिंग तुझ्या तळहातावरच होतं.

माझ्यावर वेळ आली तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी मठात गेले. बघ, स्वतःच्या पायासाठी कशी लगेच सवड मिळाली. स्वामी आता थकलेत, ऐकू कमी येतं, मोठ्यानं विचारावं लागलं. ते म्हणाले, ज्या देहावर लिंग राहायचं तो देह आधी जगला पाहिजे. तेवढा वेळ घरच्या माणसाच्या तळहातावर ठेवा, बाहेर आलात की पूजा करून परत घाला. मग म्हणाले, "तुमच्या आईलाबी हेच सांगितलं होतं मी. एका सोमवारी रिक्षा करून आल्या होत्या. पाय पिशवीत घालतेत, तिथूनच आले म्हणल्या. लेकीच्या हातावर ठेवा म्हणलो, तर हसल्या. तिला कुठं सवड हाय महाराज, म्हणल्या."

म्हणजे तुला कळलं होतं. कळूनही तू दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या पिशवीत पाय घातलास, आणि संध्याकाळी शाळा कशी झाली म्हणून मला विचारलंस. एकदा बोलायचं तरी होतंस गं. शिव्या द्यायच्या होत्यास, मी त्या खाल्ल्या असत्या.

काल माझी सून पेटीबाहेर स्टुलावर बसली होती, माझं लिंग डाव्या तळहातावर घेऊन. हात अवघडला तरी तिनं खाली ठेवलं नाही. काचेतून मला सगळं दिसत होतं. एवढंच करायचं होतं मला, नुसतं बसायचं होतं.

हे लिहून कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून आणखी एक सांगते. स्वामींनी मला विचारलं होतं, आई तुम्हाला हे बोलल्या नव्हत्या का? मी म्हणाले, "बोलली होती की. तिनंच नको म्हणलं." आणि त्यांच्या पाया पडून निघाले.