मुकुंदाचे हात

९ एप्रिल १९७८, रविवार

आज पुन्हा तेच! खालच्या शोभाताईंच्या — आमच्या घरमालकीणबाईंच्या — नातवाचं जावळ होतं. तो पोरगा आमच्या मुकुंदाहून चांगला लहान. कात्री पाहिली नि मोठ्यानं ओरडला, "नको! आजी, नको!" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले.

मुकुंदाला दोन वर्षं होऊन गेली. अजून एक शब्द नाही. आई नाही, बाबा नाही, काऊ नाही.

शोभाताई म्हणाल्या, "काहून वं चारू, पोरगा अजून बोलून नाही राहिला? डाक्टरले दाखव ना." त्या काळजीनंच म्हणतात. पण मागून कुणीतरी — "मुकुंद नाव ठेवलं, मग मुकाच राहीन!" कोण ते मी वळून पाहिलं नाही. त्याला कडेवर घेतलं नि सरळ वर आले.

नाव मी ठेवलं होतं. हौसेनं.

१२ एप्रिल

बोलत नाही कसं म्हणायचं? दिवसभर बोलतच तर असतो — हातांनी! माठावर थापट्या मारल्या की पाणी. मूठ गरगर फिरवली की पंखा लाव. दोन बोटं डोळ्यांशी नेली की बाबा — ह्यांचा चष्मा! आणि कपाळाच्या मध्यावर बोट टेकवलं की मी. माझं कुंकू. हे त्याला कुणी शिकवलं नाही. त्याचं त्यानंच काढलं.

आज तर दोन खुणा जोडल्या. डोळ्यांशी बोटं, मग हात दाराकडे. मी म्हटलं, "हो रे राजा, बाबा ऑफिसात गेले." असा खूश झाला! टाळ्या पिटल्या.

मग एकदम मनात आलं — माझ्याशिवाय हे कळतं कुणाला? ह्यांनासुद्धा निम्मं कळत नाही. उद्या मला काही झालं तर हे पोर कपाळावर बोट ठेवून घरभर फिरेल, आणि कुणाला कळणारही नाही की आईला शोधतो आहे.

भाजी करपली. बसूनच होते तशी.

२० एप्रिल

त्याच्या पाठीमागे उभं राहून कडी वाजवली. वळला. पुन्हा वाजवली. नाही वळला. काय समजायचं?

१ मे

यमुताई आल्या, सावनेरहून. माझ्या नणंदबाई. तिथल्या शाळेत शिकवतात, दर सुटीला येतात. मुकुंदासाठी लाकडी घोडा आणला. त्याला मांडीवर घेऊन बसल्या, "म्हण, आत्या! आ — त्या!" त्यानं त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. मग त्यांच्या ओठांवर हात ठेवला. यमुताई हसल्या नाहीत.

४ मे

आज यमुताईंनी जे सांगितलं ते इथं लिहून ठेवते.

दुपारी पापड वाळत घालत होतो. म्हणाल्या, "चारू, तुला गिरिधरकाका ठाऊक नाही. आमच्या मार्तंडानं सांगितलं नसणारच." ह्यांचा धाकटा काका. लहानपणी आजारपण नाही, काही नाही, पण बोललाच नाही कधी. घरातले सगळे त्याला खुणेनं सांभाळत. भूक लागली, खूण. झोप आली, खूण. "सगळं न बोलता मिळत गेलं गं त्याला. मग जीभ हलवायची कशाला? मोठा झाला तरी तसाच. एक दिवस बाजारात गेला तो आलाच नाही. कुणाला नाव सांगता आलं नसेल, गाव सांगता आलं नसेल. बाबांनी किती शोधलं. मी तेव्हा परकरात होते. दारात बसून राहायची मी."

मी विचारलं, "त्यांना ऐकू यायचं?"

"ते कोण पाहतं गं तेव्हा."

म्हणजे ह्यांच्या घरात होतं! आणि मला कुणी सांगितलं नाही. लग्नाच्या वेळी नाही, मुकुंद झाला तेव्हा नाही.

५ मे

ह्यांना विचारलं. चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "तू घाबरशील म्हणून नाही सांगितलं." आता काय मी कमी घाबरले आहे?

६ मे

ठरलं. उद्यापासून खुणा बंद. यमुताई म्हणतात, खुणेला कुणी ओ द्यायची नाही. पाणी हवं तर "पा" तरी म्हटलं पाहिजे. ह्यांनाही पटलं. "ताईनं इतकी पोरं शिकवली, तिला कळतं." मलाही पटलं. खोटं कशाला लिहू? गिरिधरकाका डोळ्यांपुढून हलत नाही. मुकुंद मोठा झाला आहे, सीताबर्डीच्या बाजारात, गर्दीत उभा आहे आणि लोक विचारतात, नाव काय तुझं — हेच दिसत राहतं.

७ मे

त्यानं माठावर थापट्या मारल्या. मी म्हटलं, "पाणी म्हण. पा!" त्याला वाटलं मला दिसलं नाही. पुन्हा मारल्या, जोरात. मग माझा हात धरून माठापाशी नेला, माझाच हात माठावर आपटला. यमुताई मागून — "देऊ नको, चारू. आजच्या दिवस कळ काढ."

किंचाळला. जमिनीवर डोकं आपटलं. शोभाताई धावत वर आल्या. "मारलं का वं लेकराले?"

शेवटी दिलं पाणी. तर प्यालाच नाही. पेला ढकलून दिला.

९ मे

आजही रडारड. कालच्यापेक्षा कमी.

१२ मे

रडणं थांबलं. यमुताई म्हणाल्या, "बघ, हट्ट गेला. आता तोंड उघडेल." जेवताना समोर ठेवलेलं पाणी पितो. मागत नाही. पंखा बंद होतो, मूठ फिरवत नाही. घोडा घेऊन कोपऱ्यात बसतो. इतका शहाण्यासारखा!

मला का बरं वाटत नाही?

१५ मे

हे ऑफिसातून आले. मुकुंदानं पाहिलं. बोटं डोळ्यांकडे निघाली — आणि अर्ध्यातच खाली आली. मी पाहिलं. हात खाली घेऊन त्यानं आमच्या तिघांकडे पाहिलं, चोरी केल्यासारखं.

ह्यांनी पाहिलं नाही.

१६ मे

कडक ऊन. गरम वाफा जमिनीतून निघतात. कूलरला लावलेली वाळ्याची खस तासात कोरडी होते. यमुताईंना सांगितलं की मला आता हे नको. म्हणाल्या, "अर्ध्यावर सोडलंस तर सगळं फुकट गेलं. थोडं राहिलं गं आता." मी गप्प बसले. काहून गप्प बसले?

१९ मे

आज लिहिता येतंय. दोन दिवस दवाखान्यातच आहोत.

परवाची दुपार. मी शेवया करायला बसले होते, यमुताई आतल्या खोलीत पडल्या होत्या. मुकुंद माठाजवळ भिंतीला टेकून बसलेला. मला दिसत होता. मी दोनदा म्हटलं, "काय रे, काय करतोस?" त्यानं पाहिलंसुद्धा नाही. वाटलं खेळतोय. माठाजवळ बसला होता! हात मांडीत घालून! सकाळचं पाणीही त्यानं सांडून टाकलं होतं, माझ्या ध्यानातच नाही आलं.

उन्हं कलताना उचलायला गेले तर अंग तव्यासारखं. ओठ फुटलेले. डोळे खोल. चड्डी सकाळपासून कोरडी. मी ओरडले. यमुताई उठून आल्या, त्यांनी चमच्यानं पाणी घातलं. ओठाच्या कडेनं गळून गेलं.

शोभाताईंनी नाक्यावरून रिक्षा आणवली. धोंडबा नावाचा रिक्षावाला, त्यानं आपलं ओलं उपरणं काढून दिलं. "पोराच्या डोक्यावर धरा बाई." मी धरलं. सगळा रस्ता मी त्याच्या कानाशी बोलत होते. बोलू नको बाळा, काही बोलू नको. नुसता हात हलव. एक बोट हलव.

नाही हलवलं.

दवाखान्यात त्याला सलाईन लावलं. शीर सापडेना. पायाला टोचलं तेव्हा रडला. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. म्हणाल्या, "इतकं कोरडं पडेपर्यंत मुलानं पाणी मागितलं नाही?"

मी म्हटलं, "मागतो. मागायचा. हातानं."

"मग?"

यमुताई पुढे झाल्या. ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "मी बंद करायला लावलं. खुणा बंद केल्या की बोलेल, असं मला वाटलं." डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बंद नका करू. त्याच्याजवळ आज तेवढंच बोलणं आहे. ते काढून घेतलं तर त्यानं काय करायचं?"

ऑफिसातून परस्पर आलेल्या ह्यांनी खिडकीकडे तोंड केलं. खांदे हलत होते.

२० मे

घरी आणलं. निघण्याआधी डॉक्टरीणबाईंनी त्याचे कान पाहिले. मागून घंटी वाजवली, किल्ल्या वाजवल्या, हळू हाक मारली. दरवेळी वळला! "ऐकू येतंय," म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला. पण लगेच म्हणाल्या, "ऐकू येणं वेगळं, समजणं वेगळं. त्याला समजतं किती, ते आज मी सांगू शकत नाही. मूल घाबरलेलं आहे. तुम्ही बोला, बोलताना हातही वापरा. पाऊसपाणी सुरू झालं की घेऊन या."

म्हणजे दुसरी भीती. हा काहीच समजत नसेल तर? त्या खुणा — मीच तर त्यांत अर्थ भरत नव्हते?

२४ मे

हात हलत नाहीत. दिलं तर खातो, दिलं तर पितो. नाही दिलं तर बसून राहतो. मी तासातासाला पाणी पाजते.

२७ मे

घरात काय चाललंय ते कुणी पाहिलं तर वेड्यांत काढतील! हे दारातून आत येतात, चपला काढायच्या आधी दोन बोटं डोळ्यांशी नेतात — "बाबा आले!" ऑफिसातला एवढा गंभीर माणूस. यमुताई माठापाशी फतकल मारून बसतात, थापट्या मारतात, "पाणी! आत्याला पाणी!" आणि त्याच्याकडे पाहतात. मी कपाळावर बोट ठेवते.

तो पाहतो. मग मान फिरवतो.

१ जून

यमुताई आज एकट्याच गॅलरीत उभ्या होत्या. मी गेले. म्हणाल्या, "काकासारखा होऊ नये म्हणून केलं गं." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. राग होता माझ्या मनात. आहे अजून. तरी ठेवला.

४ जून

यमुताई सावनेरला गेल्या. बसच्या खिडकीतून हात हलवत होत्या. मुकुंद ह्यांच्या कडेवर होता. ह्यांनी त्याचा हात धरून हलवायला घेतला. त्यानं मूठ घट्ट मिटून घेतली.

आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "आपण त्याला मोडून टाकलं." हे म्हणाले, "असं बोलू नको."

७ जून

तेच.

९ जून

दहीभात कालवताना त्याला सगळं सांगत असते — आता मीठ घातलं, आता मिरची बाजूला काढली. हातानं, तोंडानं. बोलून बोलून घसा बसतो. तो बोटांकडे पाहतो की माझ्याकडे, कळत नाही. शोभाताई वर आल्या होत्या. "येईल वं बाई, थांबून राहा," म्हणाल्या. कुठवर?

११ जून, रविवार

सकाळी त्याला घेऊन गॅलरीत उभी होते. खालून एक जनावर चाललं होतं, निम्मं लिंबाच्या झाडाआड. मी सवयीनं म्हटलं, "गाय बघ, मुकुंदा. गाय!"

त्यानं माझा गाल धरून तोंड आपल्याकडे वळवलं. मान हलवली — नाही. पुन्हा हलवली, चांगली जोरात. मग दोन्ही हात डोक्यामागे नेऊन वाकडे केले, शिंगांसारखे.

मी वाकून नीट पाहिलं. म्हैस होती!