खाऱ्या हवेत टिकणारे रूळ

प्रिय मुकुल,

परवा फोनवर तू बोलत होतास आणि मी नुसतं "हं, हं" करत होते. ते होकाराचं नव्हतं. फोनवर तू भराभर बोलतोस, मध्येच कुणीतरी तुला हाक मारतं, आणि मला काय म्हणायचंय ते माझ्या ओठांवर येईपर्यंत तू "ठेवतो गं आई" म्हणून मोकळा होतोस. म्हणून पत्र. सूनबाईला, मृणालीलाही वाचायला दे.

बाबा बरे आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार व्यायाम घ्यायला त्या बाई येतात. आता पडवीची पायरी आधार न धरता उतरतात. उजवा हात मात्र अजून मांडीवरच असतो. शब्द थोडे, पण स्वच्छ. काल पेज नको, मऊ भात हवा, एवढं लांब वाक्य बोलले आणि मग मेतकूट कमी पडलं म्हणून माझ्याशी भांडलेही.

आता मागच्या खोलीबद्दल. गणपतीत तू आलास तेव्हा बाबांच्या फळीवर मांडलेल्या छोट्या रेल्वेवर मी चादर घातली होती. तू म्हणालास, "बरं केलंस, धूळ बसायला नको." चादरीखाली डोंगर होते, बोगदा होता, स्टेशन होतं, पण रूळ एकही नव्हता. ते सगळे मी उखडले होते. स्वयंपाकघरातल्या उलथन्याने.

घाबरू नकोस, डोकं ठिकाणावर आहे माझं. ती रेल्वे दिसायला किती हुबेहूब होती हे तुला ठाऊक आहे. भूमापन कचेरीत जन्म काढलेला माणूस. कोकण रेल्वेच्या त्या उंच पानवलच्या पुलाचे खांबसुद्धा मोजूनमापून केले. झाडं माझी. काथ्या हिरवा रंगवून आंबे केले, कुंपणाच्या दगडी गडग्याखालची तांबडी माती चाळून डोंगरांना लावली. नऊ वर्षं मी झाडं करत होते आणि त्या नऊ वर्षांत एकदाही गाडी माझ्या हातात आली नाही. मी मागितली नाही, हेही खरं.

पण ती गाडी कधी धड धावली नाही रे. बाबांनी मुंबईच्या मित्राकडून जुने पितळी रूळ घेतले होते. आपल्या हवेत पितळ हिरवं पडतं, रूळ जोडायच्या लोखंडी पट्ट्या गंजतात, आणि मग वीज पुढे जात नाही. सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते तिथे, इंजिन हटकून थांबायचं. बाबा उजव्या हाताचं बोट पुढे करून त्याला हळूच ढकलायचे. बघणाऱ्याला कळायचंही नाही. शिमग्यात अर्धांगाच्या झटक्यात तो हात गेला आणि त्याबरोबर रेल्वेही गेली.

पुढे तीन महिने ते रोज संध्याकाळी खुर्ची त्या खोलीत लावायला सांगायचे आणि सांध्यावर अडकलेल्या गाडीकडे बघत बसायचे. एक दिवस मला ते बघवेना. रूळ उखडले तेव्हा त्यांनी दोन दिवस माझ्याकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मोडलंस." मी म्हटलं, "मोडलेलंच होतं. तुम्ही बोटाने झाकत होतात." इतक्या वर्षांत त्यांना असं काही बोलले नव्हते मी.

मग नवे रूळ निवडायचे. पुण्याच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, "आजी, कुठलेही घ्या, सगळे सारखेच." मी म्हटलं, मग सगळ्यांचा एकेक तुकडा पाठवा. पितळी, पोलादी आणि तो पांढरट, निकेल घातलेला. तिन्ही तुकडे समुद्राच्या बाजूच्या खिडकीच्या गजांना बांधले आणि अख्खा पावसाळा तिथेच ठेवले. तू विचारलंस ना, कावळे हाकलायला लावलेत का? पितळ हिरवं झालं, पोलाद गंजून खपल्या पडल्या. पांढरट तुकडा नुसता मळला. कोरड्या फडक्याने पुसला की होता तसा. दुकानदाराला हे सांगितल्यावर त्याने मला आजी म्हणायचं सोडलं.

धातू ठरला, पण घडण ठरेना. आधी खालच्या खडीसकट तयार मिळणारे तुकडे मागवून पाहिले. एकात एक अडकवायचे की झालं. गाडी त्यांवरून लोण्यासारखी गेली. बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "खेळणं." खरंच तसंच दिसत होतं, खडी नव्हे, राखाडी प्लास्टिक. मग अगदी बारीक, कमी उंचीचे रूळ आणले. दिसायला इतके खरे, की बाबा खुर्चीतून पुढे वाकले. पण आपल्या जुन्या डब्यांच्या चाकांची कड जाड, ती रुळांखालच्या आडव्या स्लीपरवर आपटून टकटक करायची आणि तिसरा डबा दर फेरीला पडायचा. बाबांचं म्हणणं, पडू दे, दिसतं छान. माझं म्हणणं, पडणारी गाडी कितीही छान दिसली तरी ती पडलेलीच. यावर आमचे आठ दिवस गेले. लग्नानंतर पहिल्यांदाच एवढे दिवस आम्ही एकाच गोष्टीवर बोलत होतो.

शेवटी मी ठरवलं. बोगद्यात, जिथे काही दिसत नाही आणि हातही पोचत नाही, तिथे ते तयार तुकडे. बाहेर मध्यम उंचीचा, हवा तसा वाकणारा रूळ, खाली सिमेंटच्या रंगाचे स्लीपर. त्याच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवल्या, की उंची डोळ्यांत भरत नाही. हे रंगवायचं बाबांना सुचलं. डाव्या हाताने त्यांनी रोज वीतभर रूळ रंगवला. अकरा दिवसांनी कंटाळले, उरलेला मी रंगवला, आणि माझा रंग फिका झालाय असं ते अजून म्हणतात. सांधे मी असे घेतले की त्यांच्या मधल्या भागातही वीज असते. वीज फक्त जोडपट्ट्यांच्या भरवशावर सोडायची नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी तार जोडली. तारांना कथलाचा डाग द्यायला नाक्यावरच्या मिक्सर दुरुस्तीवाल्या दर्शनाने शिकवलं. दोन बोटं भाजली, पण तीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवणाऱ्या हाताला डाग जमायला वेळ लागत नाही.

एक चूक झाली, ती लपवत नाही. बाबा म्हणत होते, "फट ठेव, फट." मी ऐकलं नाही. पावसात फुगलेलं प्लायवूड नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत आकसलं आणि पुलाजवळ रूळ नागमोडी झाला. तेवढा भाग कापून, मध्ये नखाएवढी फट ठेवून परत घातला. बाबा दिवसभर खुशीत होते.

गेल्या गुरुवारी दुपारी गाडी सोडली. बाबा खुर्चीत, बटण माझ्या हातात. वेग कमीजास्त करायचं ते बटण शिवणयंत्राच्या पायडलसारखंच आहे. जोर लावायचा नाही, वाढवत न्यायचं. गाडी बोगद्यात शिरली, पलीकडून बाहेर आली, पूल ओलांडला, सांध्यावरून न अडखळता स्टेशनात आली. कुणाचंही बोट न लागता. बाबा म्हणाले, "परत." मी परत सोडली. सहाव्या फेरीला त्यांना झोप लागली. मी उठायला हवं होतं, गॅसवर भात होता. पण उठले नाही. एकटीच गाडी फिरवत बसले, चांगला तासभर. पातेलं काळं झालं तेव्हा वासाने बाबा जागे झाले आणि माझ्याकडे बघून हसले, अर्ध्या तोंडाने, पण पोटभर.

आता तुझ्या फोनचं. हातखंब्याच्या हॉटेलवाल्याला रेल्वे द्यायची, तो ती काचेच्या पेटीत ठेवणार, कुणी उचलून नेऊ नये म्हणून डबे रुळांना चिकटवणार, आणि आम्ही दोघांनी रविवारच्या टेम्पोबरोबर सामान घेऊन पुण्याला यायचं. तू प्रेमाने ठरवलंस, हे मला कळतं. पण आम्हाला विचारून नाही ठरवलंस. मी त्या हॉटेलवाल्याला काल फोन करून नाही सांगितलं. टेम्पोवाल्याला तू सांग. आम्ही येत नाही. उद्या बाबांचं बिघडलं किंवा माझ्याच्याने होईनासं झालं, तर मी आपणहून तुला बोलावेन, तेवढा विश्वास ठेव. तोवर तुम्हीच इकडे या. आणि नातेवाइकांत कुणी म्हणालं, की म्हातारी नवऱ्याच्या आठवणी धरून बसली आहे, तर त्यांना स्पष्ट सांग. बाबांना तर ती हॉटेलवाल्याला दिली असती तरी चाललं असतं. मी विचारलं होतं, "दे" म्हणाले. नाही म्हणाले ती मी. ती रेल्वे आता माझी आहे, आणि मला ती चालवायची आहे.

तुझीच,
आई